मोटारीचा डोळा

सोमवार, ८ डिसेंबर

सगळ्यात आधी शेजारची धुरपताबाई आली, अन् ती बी ओलं लुगडं तसंच हातात धरून, म्हंजी धुणं अर्धं टाकून पळाली असणार. तिच्या मागं तिची सून, सुनेच्या मागं दूधवाला. दूधवाल्याचं काय काम होतं म्हणा, पण गर्दी दिसली की तो थांबतोय. धुरपताबाई दारातूनच म्हणली, "गौराक्का, कोन ओरडलं? तुमी का त्रिवेणी?" मी म्हणलं, आमी सासू-सुना कशाला ओरडाव, रुद्राणीची मशीन ओरडली. आज पहिल्यांदा हलली ती.

ओरडली मात्र खरंच. डुकराला धरल्यावर ओरडतंय तसं. खालच्या टेबलावर जो लोखंडी पूल हाय तो या टोकाकडून त्या टोकाला सुसाट गेला, खाडकन आदळला अन् गप. रुद्राणीनं टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या, दूधवाल्यानंबी वाजवल्या. शिवकांतनं तेवढ्या वाजवल्या न्हाईत. तो आपल्या सोयाबीनच्या पोत्याला टेकून उभा होता. म्हणला, "भिंत पडंल एखाद्या दिवशी."

शिवकांत माझा लेक. चारठाण्यात त्याचा धान्याचा व्यापार हाय. रुद्राणी त्याची पोरगी, डिप्लोमा करून बसलीय. बसलीय म्हंजी बसत न्हाई कधी. जालन्याच्या भंगारातून मोटारी आणल्या, लोखंड आणलं, अन् आमच्या धान्याच्या खोलीत लाकूड कोरायची मशीन बांधायलीय. तिचं इंग्रजीत तीन अक्षरांचं नाव हाय. पुलावर एक बरमा हाय. एक मोटार त्याला पुढं-मागं नेती, एक डाव्या-उजव्या अंगाला, एक वर-खाली. कुठं न्यायचं ते कम्पुटर सांगतंय.

आता भानगड अशी की पुण्याच्या एका कंपनीनं तिला एक तारखेला कामावर बोलावलंय. शिवकांत म्हणतोय जा. ती म्हणतीय मशीन चालली की न्हाई ते बघून सांगते. शेवटी बाप म्हणला, "एक तारखेच्या आत एक तरी गिऱ्हाईक आणून दाखव. न्हाईतर मशीन विकायची, खोलीत तुरी भरायच्या अन् तू पुण्याला." देवगाव फाट्यावर फर्निचरवाल्याचं दुकान हाय, ते लोक देवघरं बनवतात. ते २७ तारखेला बघायला येणार हायेत. मला विचाराल तर पोरीनं जाऊ नये. पण मला कोनी विचारलेलं न्हाई.

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची, कोरीच पडली होती. रुद्राणीनं दिली. म्हणली, "आज्जे, तू दिवसभर इतकं छान बोलतीस, ते वाया जायलंय. मला सांगायच्या ऐवजी ह्याच्यात लिहीत जा." केवढा जीव पोरीचा माझ्यावर. चौथीनंतर आज इतकं लिहिलं.

बुधवार, १० डिसेंबर

परवा एकच मोटार कशीबशी जोडली होती, आज सगळ्यांच्या तारा जोडल्या. मी जोडू लागले म्हंजी मदतीला. तारा सगळ्या काळ्या. स्वस्तात मिळाल्या म्हणून एकाच रंगाच्या घेतल्या, अन् आता कोनती कुठली ते कळंना. रुद्राणी डोकं धरून बसली. मी गोधडीच्या दोऱ्यांचा डबा आणला. पुढं-मागं जाणारीला पिवळा दोरा, डाव्या-उजवीला हिरवा, वर-खालीला जांभळा. दोन्ही टोकाला गाठी मारून दिल्या. "आज्जे, इंजिनेर हायेस तू," म्हणली. मी त्रिवेणीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणायला लावलं.

मग ती जेवायला गेली. मी बघितलं तर तारांचा नुसता गुंता, पाहुणे येणार अन् असं केस सोडल्यावानी. म्हणून बसून छान तिपेडी वेणी घातली सगळ्यांची, पार मोटारीपासून डब्यापर्यंत. खाली गोंडाबी सोडला.

ती आली, बटन दाबलं, अन् मशीन आपोआप फडफडायली. कुनी हुकूम दिला नसताना. रुद्राणीनं वेणी बघितली, माझ्याकडं बघितलं अन् खाली बसली. मग नीट समजावून सांगितलं मला. म्हणली, "ही जाड तार जोराची हाय, मोटारीला ताकद देती. ही बारीक तार निरोपाची. जोराची शेजारी खेटून बसली की निरोपाच्या तारेला नीट ऐकू येत न्हाई."

मी म्हणलं, धुरपताबाई अन् मी ओसरीत बसलो की त्रिवेणीला टीव्ही ऐकू येत न्हाई, तसं.

"अगदी तसंच," आतून त्रिवेणी म्हणली. तिला विचारलं नव्हतं.

वेणी सोडायला दिवस मावळला. लय घट्ट घातली होती. माझ्या हाताची वेणी सुटत न्हाई, लग्नाच्या आधीपासून नाव हाय माझं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज रुद्राणीनं मला मोटारीचा डोळा दाखवला. मला वाटायचं कम्पुटरनं सांगितलं की मोटार गुमान जाती. तसं न्हाई. मोटारीच्या पाठीला एक बारीक चकती हाय, तिच्यावर केसावानी रेघा. त्या रेघा एक डोळा मोजतोय अन् निरोप धाडतोय, इतकं फिरले, अजून इतकं राहिलं. डोळा चुकला की मोटार चुकली. भंगारातल्या मोटारी हायेत, तर पुढं-मागंवालीच्या पाठीचं झाकणच न्हाई. डोळा उघडा. मला कसंतरी झालं बघून.

डोळा म्हणल्यावर वर कपाळ आलंच. अन् कपाळ मोकळं आमच्या घरात कोनाचंच न्हाई. सकाळची लिंगपूजा झाली की मी भस्माची इभूत कालवते, अन् उरलेली सगळ्यांना लावत फिरते. शिवकांतला, त्रिवेणीला, गाईला, मोटारसायकलीला, फ्रीजला. ही मशीन बिचारी घरात येऊन दिवस झाले, हिलाच राहिली. म्हणून पोरगी आंघोळीला गेली तव्हा डोळ्याच्या बरोबर वर तीन बोटं ठळक ओढली. किती साजरी दिसली. आता रोज लावीन. कुनाला सांगितलं न्हाई, देवाचं काम सांगून करू नये.

रविवार, १४ डिसेंबर

बरम्याच्या जागी पेन बांधून गोल काढायची परीक्षा चाललीय. रुद्राणी म्हणती, ज्या मशीनला गोल काढता आला तिला सगळं काढता येतंय. निघायलंय अंडं. कवा वांगं निघतंय. मी माझी भाकरी आणून कागदावर ठेवली. भाकरी गोल, मशीनचं वाकडं. शिवकांत पहिल्यांदा हसला, पण नको तिथं हसला. रुद्राणी जेवली न्हाई.

मंगळवार, १६ डिसेंबर

आकड्यांचं चाललंय. मोटारीला किती जोरानं सांगायचं त्याचे आकडे अस्तात. रुद्राणी म्हणली, कमी सांगितलं तर मोटार आळसावती, मागं राहती. जास्ती सांगितलं तर बिचकती, पुढं पळती, माघारी येती, पुन्हा पुढं, अन् तिथंच थरथरत बसती. मग आवरायचा आकडा वेगळा. बरोबर मधला अंदाज सापडला की ती गुमान जागेवर जाऊन थांबती, आवाज न करता.

मी म्हणलं, हे तर मला ठाऊकच हाय. नवीन सुनेला किती सांगावं याचा असाच अंदाज लागतोय. कमी सांगितलं की ऐकत न्हाई, जास्ती सांगितलं की हातातलं भांडं पडतंय.

त्रिवेणी डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणली, "माझ्यासाठी कोनता आकडा ठेवलाव, आत्याबाई?"

मी म्हणलं, तुला आता आकडा लागत न्हाई, तू आपोआप चालतीस. रुद्राणी इतकी हसली की पेन पडला.

पण एक गोष्ट तिला उमजंना झाली. दिवेलागणीला ती मशीन पुसती, सायकलीच्या पंपानं धूळ उडवती, आकडे लावती, गोल जवळजवळ नीट निघतो. सकाळी पुन्हा सुरू केली की थरथर. जशी काय मशीन रातीत सगळं विसरती. मी म्हणलं थंडी हाय, कडक थंडी, मलाबी सकाळी गुडघे विसरतात. मी रोज इभूत लावतेच, पण थंडीला इभूत तरी किती पुरणार.

शुक्रवार, १९ डिसेंबर, येळवस

आज येळ अमावस्येचा सण, म्हणून सगळे शेतात. तांबडं फुटायच्या आतच निघालो, पूजाबी शेतातच केली. कडब्याची कोप म्हंजी खोपटं उभं केलं, आत पाच दगडांचे पांडव मांडले, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, माठात आंबील. आंबील त्रिवेणीनं केली होती, जराशी आंबट झाली, मी काही बोलले न्हाई, नुसतं दोनदा पाणी मागितलं. धुरपताबाईचं शेत बांधाला बांध, ती आमच्या कोपीत जेवून मग तिच्या कोपीत जेवायला गेली.

घरी येऊन रुद्राणीनं मशीन लावली, अन् काय सांगू. गोल. माझ्या बांगडीएवढा गोल. मग ताटाएवढा. मग वाटीएवढा. थरथर न्हाई, आवाज न्हाई. आकडे कालचेच, तिनं हात लावलेला न्हाई. पोरगी नाचायचीच राहिली. मी सांगितलं, काळ्या आईला निवद दाखवला त्याचं फळ हाय. आज पहाटेच निघाल्यामुळं मशीनला इभूत लावायची राहिली होती, तरीबी देवानं सांभाळून घेतलं. उद्या दोन्ही दिवसाची एकदम लावीन, भरपूर.

शनिवार, २० डिसेंबर

आजचा दिवस लिहू नये असा. मी पहाटे भरपूर लावली, तीन बोटांच्या ऐवजी पंजा फिरवला, तरी मशीनला अंगात आल्यावानी झालं. थरथरली, गरगरली, अन् पूल कोपऱ्यावर जाऊन आदळला. टेबलाची एक पट्टी चिरली. रुद्राणी कालचे कागद हातात घेऊन उभी. "काल जमलं होतं. कालच जमलं होतं," इतकंच म्हणायली.

शिवकांत पोती मोजायला आला होता. म्हणला, "पुण्याच्या गाडीचं तिकीट काढून ठेवतो. पुढं मिळत न्हाई."

मग ती उसळली. "अप्पा, तुमच्या सोयाबीनचा भुस्सा उडतोय खोलीत. काल सगळे शेतात होते, पोतं कोनी हलवलं न्हाई, तर मशीन चालली. आज सकाळी तुमी पोती झटकलाव."

"म्हंजी माझ्या मालानं तुझी मशीन बिघडली?"

"व्हय."

"माझ्या खोलीत, माझ्या मालानं?"

"व्हय."

दोघंबी जेवले न्हाईत. बापलेकीचं तोंड अगदी सारखं हाय, रागातबी खालचा ओठ तसाच. मला दोघांची कीव आली. मी मशीनपाशी जाऊन जरा अजून इभूत लावून आले.

रविवार, २१ डिसेंबर

शिवकांत सकाळी माणसं घेऊन आला, सगळी पोती उचलली अन् धुरपताबाईच्या ओसरीत नेऊन टाकली. खोली झाडून घेतली. रुद्राणीशी बोलला न्हाई, पण जाताना खिडकीची फळी बसवून गेला. धुरपताबाई म्हणली, "माझी ओसरी मोठी दिसली व्हय रे शिवा?" तो म्हणला, "काकू, आठ दिवसांचा प्रश्न हाय." ती पोत्यावर बसून बघितली, आवडलं तिला, उंच होतंय म्हणली.

सोमवार, २२ डिसेंबर

पोती गेली तरी थरथर गेली न्हाई. आता मात्र पोरगी कोनावर रागावली बी न्हाई. रागावली असती तर बरं होतं. तिनं पाना-पेचकस घेतले अन् मोटारच खोलून मांडीवर घेतली. मी शेजारी शेंगा फोडत बसले, तिला सोबत म्हणून.

चकतीवर पांढरी भुकटी होती. रेघात, फटीत, डोळ्याच्या काचेवर, सगळीकडं. रुद्राणीनं बोट लावलं, चोळलं. म्हणली, "सोयाबीनची धूळ अशी नसती." मग वास घेतला. माझ्या इभूतीच्या डबीत मी कापूर ठेवते, त्याचा वास खोलीभर अस्तोय, तोच आला असंल तिला. मग तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं. लय वेळ बघितलं. मी पदरानं कपाळ पुसून बघितलं, काही लागलं होतं काय म्हणून.

"आज्जे, मोटारीला रोज इभूत लावतीस का?"

मी म्हणलं, तुला कसं कळलं? सांगायचं नव्हतं मला.

ती हसायली. हसता हसता डोळ्यातून पाणी, अन् माझ्या मांडीवर डोकं ठेवून पुन्हा हसायली. शेंगा सगळ्या सांडल्या. मला वाटलं, आजीनं आपल्या मशीनसाठी इतकं केलं म्हणून गहिवर आला असंल.

"ही भुकटी कशाची असंल गं?" मी विचारलं. "भिंतीचा चुना पडत असंल वरून."

"व्हय आज्जे. चुनाच हाय."

मग तिनं पावडरच्या डब्याचं टोपण घेतलं, कापलं, ठोकलं अन् मोटारीच्या पाठीवर घट्ट टोपी बसवली. रबराची कड लावली, आत वाराबी जाणार न्हाई. म्हणली, "आता डोळा झाकला. तुला जितकी लावायची तितकी ह्या टोपीवर लाव. पण वाळकी लाव, कालवून नको, पोपडे पडतात." मी लगेच लावली. टोपीवर जास्त शोभती.

अप्पाला सांगू का चुन्याचं, म्हणलं. ती म्हणली, "नको. अप्पांनी खोली रिकामी केलीय, तशीच राहू दे जरा." लबाड हाय पोरगी. पण चुन्याचं अन् खोली रिकामी असण्याचं काय नातं ते मला उमगलं न्हाई.

बुधवार, २४ डिसेंबर

टोपी घातल्यापासून थंडी वाजत न्हाई मशीनला. गोल निघायलेत, सकाळचे बी. भाकरी ठेवून बघितली. भाकरी हरली. त्रिवेणीनं जरा जास्तच बारकाईनं बघितलं, म्हणली, "आत्याबाई, ह्या अंगाला फुगलीय तुमची." मी तीच भाकरी तिच्या ताटात वाढली.

रुद्राणीनं आमच्या देवळाच्या खांबावरची वेल मोबाइलमध्ये काढून आणलीय. तीच देवघराच्या दारावर कोरून दाखवणार.

शनिवार, २७ डिसेंबर

पाहुणे आले. फर्निचरवाला जीवन अन् त्याची आई कमलबाई. पोरगा मोजकं बोलणारा. सगळा कारभार आईकडं, हे ती चप्पल काढते तव्हाच कळलं. मी म्हणलं बसा, ती म्हणली आधी काम बघू.

फळी लावली, बरमा फिरला, वेल उमटायली. एकेक पान असं निघत होतं की शिवकांतबी दारातून आत आला. मी कमलबाईंना सगळं सांगायले, ही मशीन आधी कशी थरथरायची, कशी कोपऱ्यावर आदळायची, पट्टी कशी चिरली. शिवकांत खोकायला. मी त्याला पाणी दिलं. तो तरी खोकतच होता.

अन् अर्ध्या वेलीला लाईट गेली.

बरमा लाकडातच थांबला. रुद्राणीचा चेहरा पांढरा. जीवन म्हणला, "आता ही फळी वाया?" आमच्याकडं एकदा गेली की लाईटचा भरवसा न्हाई. रुद्राणी म्हणली, "वाया न्हाई. थांबा." थांबाच म्हणली फक्त.

मग बसलो. चहा झाला, पोहे झाले, धुरपताबाई पोत्यांचं सांगायला आली. कमलबाई म्हणल्या, त्यांच्याकडचा सुतार हातानं एक दार महिनाभर कोरायचा, त्याचे हात आता कापतात, दुसरा कोनी मिळत न्हाई. म्हणल्या, "मला मशीनचं नक्को होतं. पण देव जमिनीवर किती दिवस बसवावेत?" त्यांचं लक्ष सारखं त्या अर्ध्या फळीकडं. शिवकांत दोनदा बाहेर जाऊन तारेकडं बघून आला. तारेकडं बघून लाईट येत अस्ती तर काय पायजे होतं. तिसऱ्यांदा निघाला तव्हा रुद्राणी म्हणली, "अप्पा, बसा." तो बसला.

ऊन उतरल्यावर लाईट आली. रुद्राणीनं बरमा हातानं वर उचलला, बटन दाबलं. मशीन आधी आपल्या कोपऱ्यात गेली, तिथल्या खुंटीला अलगद टेकली, मोजायची सुरवात तिथूनच अस्ती म्हणं. तिथून मोजत मोजत आली अन् राहिलेल्या पानापासून पुन्हा सुरू झाली. मी श्वास सोडला तो वेल पुरी झाल्यावरच.

फळी पुसून कमलबाईंच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले अन् बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा उलटं फिरवलं. म्हणल्या, "जीवन, थांबली कुठं होती, दाखव बरं."

जीवननं एक पान दाखवलं. रुद्राणीनं मान हलवली. मग शिवकांतनं चष्मा लावला, "ही इथं," म्हणला. तेबी न्हाई. मला तर स्पष्ट दिसत होतं, एक काळा ठिपका होता. मी बोट ठेवलं, तर ती माशी होती, उडून गेली.

"बास झालं," कमलबाई म्हणल्या. "मला सांधा लागेना." अन् पोराकडं बघितलं. आईनं बघितल्यावर तो बोलायला लागला. सागवान त्यांचं, कोरायचं आमचं. देवघरांची दारं पायजेत, उन्हाळ्यापर्यंत काम संपत न्हाई इतकी. "फळ्या घेऊन गुरुवारी येतो."

शिवकांतनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "गुरुवारी एक तारीख हाय," म्हणला.

रुद्राणी टेबल पुसत होती, ती थांबली. त्रिवेणी कपबश्या घेऊन दारात तशीच. जीवन म्हणला, "का, अडचण हाय का काका?"

शिवकांतनं चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. "अडचण न्हाई. बोळ अरुंद हाय, तुमचा टेम्पो दारापर्यंत येत न्हाई. सागवान वजनाला भारी अस्तंय, धरायला माणूस लागंल. मी घरीच थांबतो त्या दिवशी."

एवढंच बोलला अन् बाहेर गेला. मग ओसरीतून त्याचा आवाज आला, "काकू, पोती अजून जरा दिवस राहू द्या, अन् तुरी बी येतील मागून." धुरपताबाई काय म्हणली ते मी लिहीत न्हाई.

रुद्राणी पुण्याला फोन लावायला वर माळवदावर गेलीय. इथून तिचा आवाज येतोय, "न्हाई सर, एक तारखेला जमणार न्हाई, माझ्याकडं फळ्या येणार हायेत," अन् पुढचं हसण्यात ऐकू येईना.

जीवन अन् कमलबाई गुरुवारी येतो म्हणलेत. दोघंबी येतो म्हणलेत, जेवायलाच.